साधी माणसं काढायची तर आधी भार बघा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, पुढे चित्रकला शिकायला जमलं नाही. शेती सांभाळून चित्रं काढतो. चारकोल, शाई, ऑइल पेस्टल आणि चिकटकाम एकत्र वापरून वावरातली माणसं आधुनिक पद्धतीने, कमीत कमी तपशिलात काढायची आहेत. पण एक तर ती वारली चित्रासारखी दिसतात, नाही तर कार्टूनसारखी. कागदही फुगतो, सोलतो. सोबत एका चित्राचा फोटो जोडला आहे. काय चुकतंय?

उत्तर :

भाऊ, फोटो मोठा करून नीट पाहिला. कापूस वेचणाऱ्या तीन बाया, मागे तुरीची ओळ, डावीकडे बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा चिकटवलेला. हात चांगला आहे. रंग मोजके ठेवलेत हेही बरं केलंत. अडचण दोन ठिकाणी आहे. तिन्ही बाया तुम्ही वावरात न बघता डोक्यातून काढल्या आहेत, आणि चारही माध्यमं एकाच जागेवर गर्दी करून एकच काम करत बसली आहेत. कागदाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, तो शेवटी घेतो.

स्मरणचित्राच्या पेपरासाठी आपण सगळ्यांनीच काही माणसं पाठ केलेली असतात. हंडेवाली, टोपलीवाली, छत्री घेतलेला म्हातारा, पतंग उडवणारा पोरगा. परीक्षेत ती कामाला येतात, त्यात वावगं काही नाही. पण ही माणसं कुणीतरी आधीच साधी करून आपल्याला दिलेली असतात. त्यांच्यातून आणखी तपशील काढून टाकला की हाती उरते ती संडासाच्या दारावरच्या पाटीवरची बाई. तुमच्या तिघी जणी तिथपर्यंत पोचलेल्या नाहीत, पण वाट तीच आहे. कमी करायला आधी भरपूर हवं, आणि ते भरपूर बघूनच मिळतं.

पिकासोची बैलाची लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रांची, मालिका मोबाइलवर शोधून बघा. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६ या काळात त्याने एकाच दगडावर बैलाच्या ११ अवस्था छापल्या. शेवटच्या छाप्यात बैल मोजक्या रेषांचा उरतो आणि सगळे तोच दाखवतात. माझ्या मते खरी गंमत सुरुवातीला आहे. पहिल्या छाप्यानंतर बैल कमी होत नाही, उलट आणखी जाड, जड, मांसल होतो. मग त्या मांसाचे भाग पडतात, भागांच्या रेषा होतात, आणि मग एकेक रेषा गळते. आपल्याकडे पोळ्याला घरोघरी बैल समोर उभा असतो, तरी आपण वहीत बैल काढताना कॅलेंडरातला काढतो. माणसांचंही तसंच होतं.

आता तुमच्या बायांकडे येऊ. तिघींची पाठ एकाच कोनात वाकलेली आहे आणि ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधलेलं फडकं, तिघींची सारखीच फुगलेली. वावरात असं नसतं. सकाळी ओटी रिकामी असते तेव्हा बाई कमरेतून पुढे झुकते, झाड जेवढं उंच तेवढी पाठ वर किंवा खाली. दोन्ही हात मोकळे, पाऊल हलकं, एका झाडावरून दुसऱ्यावर चटकन. ओटी भरत आली की सगळं पालटतं. पुढचा भार ओढतो म्हणून कंबर मागे जाते, खांदे मागे जातात, पावलं फाकतात आणि टाच जमिनीत रुतते. हात मात्र तसेच पुढे, बोंडाकडे. म्हणजे वरचं अंग एकीकडे आणि खालचं दुसरीकडे, असा ताण शरीरात तयार होतो. चित्र त्या ताणात आहे. एवढा एक ताण पकडलात तर डोळे, नाक, बांगड्या, लुगड्याची किनार यातलं काहीही नसलं तरी माणूस उभा राहतो. तो ताण नसेल तर किनार कितीही कोरून काढा, बाई कागदावर चिकटवल्यासारखीच दिसणार.

हे तपासायला गवंड्याचा ओळंबा आठवा. उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळग्यातून मनाने एक सरळ रेषा खाली सोडायची. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ती त्याच पायाच्या घोट्यापाशी येते. दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मध्ये. अंगावर ओझं असेल तर मात्र ओझं आणि शरीर मिळून जो मध्य होतो, तो पावलांच्या मध्ये यायला हवा, म्हणूनच शरीर ओझ्याच्या उलट बाजूला कलतं. तुमच्या मधल्या बाईचा ओळंबा पावलांच्या पुष्कळ पुढे पडतो. ती खरी असती तर तोंडावर पडली असती.

म्हणून कोळसा हातात घेतल्यावर पहिल्यांदा तीनच गोष्टी मांडा. पाठीची एक रेषा, ओटीचा एक आकार, आणि पाय टेकलेत ती जागा. डोकं सर्वांत शेवटी. बहुतेक जण डोक्यापासून सुरू करतात आणि कागद संपत आला की पाय आखूड करतात. कार्टून व्हायचं पहिलं कारण हेच. शिकवताना माणसाची उंची साधारण डोक्याच्या साडेसात पट सांगतात. तुमच्या चित्रात ती चारपट भरते, आणि तेवढं माप लहान लेकराचं असतं. साधेपणाने काढायचं असेल तर उलटं करून बघा, डोकं मुद्दाम लहान ठेवा. अंग आपोआप भारदस्त होतं. दुसरं कारण म्हणजे स्केचपेनची सगळीकडे सारख्या जाडीची, कुठेही न तुटणारी बाह्यरेषा. तिसरं, डोळ्यांचे दोन ठिपके. डोळे दिले की बघणारा चेहऱ्यावरच थांबतो, ओटीपर्यंत खाली येतच नाही.

वारलीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेली माणसं ही पालघर-ठाण्याकडच्या वारली समाजाची भाषा आहे. लग्नात भिंतीवर काढायचा चौक, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, तांदळाच्या पिठाचा पांढरा, मातीची भिंत हे सगळं तिच्यामागे आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्या भाषेत आयुष्य घातल्याबद्दल. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर, बसथांब्यावर, लग्नपत्रिकेवर ती इतकी रंगवली गेली की साधा माणूस म्हटलं की हात आपसूक त्रिकोण काढतो. तुमच्या दोन बायांच्या कमरा तशाच चिमटल्या आहेत. भरलेली ओटी बांधलेल्या बाईची कंबर चिमटलेली कशी असेल? तिथेच तर सगळ्यात जास्त जाडी असते.

आपल्या भागात साधी केलेली माणसं कमी नाहीत. भुलाबाई-भुलोजी बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर कोनाड्यात बसणाऱ्या त्या मातीच्या मूर्तींचे हात अंगाला चिकटलेले असतात. सुटा हात घरी नेईपर्यंत मोडेल, म्हणून कुंभार तो अंगातच ठेवतो. साधेपणा तिथे मातीनेच ठरवलेला आहे. वावरातलं बुजगावणंही बसून काढण्यासारखं आहे. दोन काठ्या, जुना सदरा, वर एखादं मडकं. पाखरं फसतात ती खांद्याच्या आडव्या रेषेला आणि लोंबणाऱ्या बाह्यांना. मडकं काढून टाकलं तरी लांबून माणूसच वाटतो, पण आडवी काठी काढली की नुसती चिंधी उरते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी मॉडेल म्हणून आधी बुजगावणंच देतो. ते हलत नाही आणि पैसेही मागत नाही.

आता माध्यमं. मिश्र माध्यम म्हणजे घरात असेल ते सगळं एका कागदावर, असा समज फार आहे. प्रत्येक माध्यमाला चित्रात एक काम नेमून द्या, आणि ते काम दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. तुमच्या चित्रात लुगडं आधी जलरंगाने भरलंय, त्यावर ऑइल पेस्टल घासलंय, त्यावर चारकोलच्या घड्या आणि भोवती स्केचपेन. चौघांनी मिळून एकच लुगडं रंगवलं आणि तरीही ते सपाटच राहिलं.

काम वाटून देण्याचा सगळ्यात सुंदर नमुना इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या चित्रांत आहे. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर बॉम्बवर्षाव होत होता, तेव्हा लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर येऊन झोपत. मूर ते बघून यायचा. झोपलेल्या माणसांसमोर वही उघडणं त्याला बरं वाटेना, म्हणून तिथे जुजबी टिपणं करायची आणि चित्र दुसऱ्या दिवशी आठवून काढायचं. त्या चित्रांत माणसं साधी आहेत. डोकी लहान, चेहरे जवळपास पुसलेले, अंगावरच्या पांघरुणाला मात्र दगडाचं वजन. त्याने मेणाच्या खडूने उजेडाची जागा आखली, वरून गडद पाणरंग फिरवला, मेणाने पाणी झिडकारलं, आणि मग हवी तिथे शाईची रेष दिली. प्रत्येकाला एकेक काम. पुढे तो कोळशाच्या खाणीत उतरला आणि खाणकामगारांचीही चित्रं काढली. वणी-चंद्रपूरकडे राहणाऱ्या चित्रकारांनी ती आवर्जून बघावीत.

तुमच्या चित्रासाठी मी हे असं वाटून देईन. कापूस मेणबत्तीला. पांढरी मेणबत्ती घ्या, तिची कड वापरा, आणि ओटीतून वर आलेला कापूस आणि झाडावरची फुटलेली बोंडं कोऱ्या कागदावर आधीच घासून घ्या. मेण पांढऱ्यावर दिसत नाही, म्हणून कागद तिरपा धरून उजेडाकडे बघत काम करायचं. मग ड्रॉइंग इंक पाण्यात पातळ करून रुंद ब्रशने एकदाच फिरवा. मेण कागदाच्या उंचवट्यांवरच बसलेलं असतं, खळग्यांत शाई उतरते, आणि कापसाला तो मऊ दाणेदार पांढरा येतो. पोस्टर कलरच्या पांढऱ्याने तो कधीच येत नाही. मेण मग पुसता येत नाही आणि त्यावर पाण्याचं काही बसत नाही, हे लक्षात असू द्या. थंडीत मेण कडक असतं तेव्हा दाणा चांगला येतो. मे महिन्यात तीच मेणबत्ती हातात वाकते आणि कागदावर थर बसतो, म्हणून उन्हाळ्यात ती वापरायच्या आधी थोडा वेळ माठाच्या पाण्यात ठेवा आणि पुसून घ्या.

अंगाचं वजन चारकोलला. रेषा काढायला नको, कांडी आडवी धरून पाठ आणि मांडी एकेका फटकाऱ्यात. शाईची बारीक रेष फक्त जिथे दोन गोष्टी एकमेकींना टेकतात तिथे. बोट आणि बोंड, टाच आणि ढेकूळ, ओटीची गाठ आणि कंबर. बाकी बाह्यरेषा नकोच. डोळा ती स्वतः भरून घेतो. चिकटकाम फक्त लुगड्यासाठी ठेवा, सपाट आकार म्हणून. ऑइल पेस्टल या चित्रातून पूर्ण काढून टाका. ते वाईट माध्यम नाही, पण त्याला इथे काम नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते मऊ राहतं आणि वरच्या कागदाला चिकटतं.

चारकोल विकत आणताय असं दिसतं. दारात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग असताना कशाला? बोटाच्या निम्म्या जाडीच्या सरळ कांड्या निवडा, साल पूर्ण सोलून टाका, चार-आठ दिवस सावलीत वाळू द्या. मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या अगदी गच्च भरा. सैल राहिल्या तर वाकड्या होतात. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर, तो पेटतोही. धूर पूर्ण थांबला की डबा काढून भोक ओल्या मातीने बुजवा. रात्रभर उघडायचा नाही. आत गरम असताना हवा लागली की कांड्या पेट घेतात आणि सकाळी राख मिळते. कांडी चांगली झाली की दगडावर टाकल्यावर काचेसारखी वाजते. मधोमध तपकिरी राहिली असेल तर ती कागद ओरबाडते, तिला पुन्हा डब्यात घाला. हा कोळसा बाजारातल्यापेक्षा थोडा करडा असतो, पण पटकन पुसता येतो आणि मोठ्या फटकाऱ्याला छान लागतो. गडद काळा हवा असेल तिथे काजळी डिंकाच्या पाण्यात खलून घ्या. धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक चालतो.

रंगांत गेरू निर्धास्त वापरा, तो उडत नाही. हळद आणि पळसाच्या फुलांचा रंग पहिल्या दिवशी जीव ओवाळून टाकावा असा दिसतो आणि उजेडात राहिला की फिका पडतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरातल्या कुणालाही माहीत आहे, पण भिंतीला चुना असेल तर चित्राच्या पाठीमागूनही हे घडू शकतं. स्केचपेन आणि बॉलपेनची शाईही उडते. ती टिपणवहीतच बरी.

बियाण्याचं पाकीट सोलतंय, ते फोटोतही दिसतं. त्याला आतून-बाहेरून प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि फेविकॉलला धरायला काही सापडत नाही. खताच्या विणलेल्या पोत्याचंही तेच. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा विरलेला तुकडा घ्या, गेरूच्या पाण्यात बुडवून वाळवा, कापा आणि फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून चिकटवा. वरून कोरा कागद ठेवून वजनाखाली रात्रभर ठेवायचं. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो आणि नंतर तुटतो. अक्षरंच हवी असतील तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण कसर आणि झुरळं तिच्यावर तुटून पडतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात लेकरं असतील तर नकोच.

चिकटकामावरून एक आणखी. सातबाऱ्याची झेरॉक्स, भेगाळलेली जमीन आणि दोर, हे तिन्ही एका चित्रात आलं की परीक्षक पुढच्या चित्राकडे वळतो. दुःख खोटं नाही. पण ती चिन्हं इतकी फिरली आहेत की त्यांच्यामागचा माणूस आता कुणाला दिसत नाही. तुमच्या चित्रात ती नाहीत, याचा मला आनंद झाला. कुणी घाला म्हणालं तरी घालू नका. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळतेच, पण वेचणीच्या दिवसांत तिथे ढेकळं आणि वाळका पाला असतो. तेच काढा.

चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून १९३८ च्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली पोस्टर्सही पाहून ठेवा. शिंपी, ढोलकीवाला, स्वयंपाक करणारी बाई, सगळे कामात असलेले. हातकागदावर मातीचे रंग आणि एका दमात ओढलेली जाड ब्रशची रेष. ती उघड्यावर लावायची होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने चालता चालता बघायची होती, म्हणून तपशील आपोआप गळाला. तुमचं चित्र कुठे टांगलं जाणार आणि किती अंतरावरून बघितलं जाणार, हे आधी ठरवलंत तर काय गाळायचं याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

कागद. तालुक्याच्या दुकानात मिळतो तो कार्ट्रिज कागद कोरड्या कामापुरता ठीक, पाणी लागलं की फुगणारच. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. ते परवडत नसेल तर सुती हातकागद घ्या. हा कागद होजिअरीच्या कातरणांतून होतो, म्हणजे आपलाच कापूस. घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब टिकला तर कागदाला साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा खळीसारखा थर, आहे. लगेच पसरून आत गेला तर शाई फुटेल. अशा कागदावर साबुदाण्याच्या पातळ पेजेचा एक हात फिरवून वाळवलं की काम होतं. काम सुरू करण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी ओला करून प्लायवूडवर चारही कडांना कागदी गमटेपने बसवा, वाळला की ढोलकीसारखा ताणतो.

आपल्याकडची हवा पुस्तकात नसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की पाणरंगाचा हात अर्ध्यावर असतानाच वाळतो आणि मध्ये काठ दिसतो. ते दिवस पहाटेच्या कामाचे. कूलरसमोर बसून चारकोल करू नका. भुकटी सगळ्या खोलीत जाते आणि ओलसर वाऱ्याने कागद लिबलिबीत होतो. पावसाळ्यात फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि घाईने वर दुसरा कागद ठेवला की आत बुरशी धरते.

थरांचा क्रम सोपा आहे. मेण, मग पातळ शाई, पूर्ण वाळल्यावर चिकटकाम, मग चारकोल, त्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पक्का धरणारा फवारा, आणि शेवटची शाईची रेष. चारकोल आधी करून वरून पाणी फिरवलं तर राखाडी चिखल होतो, तुमच्या आकाशाचं तेच झालंय. फिक्सेटिव्ह अंगणात, वारा नसताना, हातभर अंतरावरून दोन पातळ फवारे. केसांचा स्प्रे काही दिवस चालतो आणि मग पिवळा पडतो. व्हॅन गॉगने पेन्सिलीची चित्रं दुधाने पक्की केली होती, पण त्याच्याकडे आपल्याएवढ्या मुंग्या नसाव्यात.

चौकट करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये जाड माउंट घाला, नाहीतर चारकोल काचेवर उतरतो आणि मेण उन्हाळ्यात चिकटतं. मागे पेन्सिलीने तारीख आणि वापरलेली सगळी माध्यमं लिहून ठेवा. पुढचा फोटो पाठवाल तेव्हा चित्र सावलीत सपाट ठेवून, बरोबर वरून काढा. आणि चित्राआधीची वावरातली टिपणं पाठवा. त्यात सकाळची रिकामी ओटी आणि दुपारची भरलेली ओटी एकाच बाईची असू द्या.